हिरव्या खड्याचं नाव

आळंदच्या बाजारात माझ्या मेव्हण्यांची सराफीची पेढी आहे. पेढी म्हणायचं ते वाडवडिलांच्या मानापुरतं. गादीवर दोन गिऱ्हाइकं टेकली की तिसऱ्यानं पायरीवर उभं राहायचं, एवढी जागा. माझी मुलगी त्यांना मामा म्हणते, म्हणून घरात सगळेच मामा म्हणतात, मीसुद्धा. तुरीचे पैसे हातात यायच्या दिवसांत आम्ही बापलेक सोलापूरहून त्यांच्याकडे गेलो होतो. मुलीनं सोलापूर विद्यापीठातून भूशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. लग्नकार्याला निघाली तरी तिच्या पिशवीत भिंग असतंच. त्या दिवशीही होतं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

दुपारी एक आजी आल्या. इरकली लुगडं, कपाळाला विभूती, सोबत नववी-दहावीतला नातू. "पच्चे उंगुर तोरिसि," म्हणाल्या. पाचूची अंगठी दाखवा. आळंदच्या पेढीवर हा एकच खडा चार नावांनी मागितला जातो. मराठी माणूस पाचू म्हणतो, कानडी माणूस पच्चे, ज्योतिषाची चिठ्ठी घेऊन आलेला पन्ना, आणि दर्ग्याच्या बाजूनं आलेला एखादा म्हातारा जमुर्रद. यातलं कानडी नाव ध्यानात ठेवा. कानडीत पच्चे म्हणजे पाचू, आणि पच्चे म्हणजे हिरवा रंगसुद्धा.

नातवाची परीक्षा तोंडावर होती, पत्रिकेत बुध कमजोर निघाला होता, करंगळीत हिरवा खडा घालायला सांगितलं होतं. मामांनी डबी उघडून चांदीच्या कोंदणात बसवलेला, वरून घोटीव, घुमटासारखा हिरवा खडा पुढं केला. आजींनी किंमत विचारली, ऐकली, मान डोलावली. अंगठी पोराच्या बोटात फिरत होती. "तासाभरात बारीक करून ठेवतो, बाजार करून या," असं मामांनी कानडीत सांगितलं आणि आजी पायऱ्या उतरल्या.

त्या वळणाआड गेल्या नाहीत तोवर मुलीनं अंगठी उचलून भिंगाखाली धरली होती.

"मामा, हा पाचू नाही."

"मी कुठं म्हणलो पाचू हाय म्हणून?"

"आजी पच्चे म्हणाल्या. तुम्ही हौदु म्हणालात." हौदु म्हणजे हो.

"पच्चे म्हणजे हिरवा. हिरवा हाय की नाही बघ."

मला हसू आलं. धारवाडच्या विद्वानांनाही सुचली नसती अशी पळवाट माझ्या मेव्हण्यांनी गादीवर बसल्या बसल्या काढली होती. पण पोरगी सोडणारी नव्हती. तिनं मलाच भिंगातून पाहायला लावलं. वरून एकसारखा हिरवा दिसणारा खडा आत चुरा-चुरा होता. हिरवी चमकी कुणीतरी मुठीनं भिरकावावी आणि ती मधेच थिजावी, तसे अभ्रकाचे असंख्य कपटे आडवे पसरलेले. खडा जरासा कलता केला की त्यातले शंभरेक एकदम चमकत आणि लगेच मिटत.

"हे अ‍ॅव्हेंच्युरीन," ती म्हणाली. "मुळात ही गारगोटी. स्वच्छ, बिनरंगी गारगोटी. हिरवेपणा तिचा नाही, आतल्या अभ्रकाचा."

"गारगोटी!" मामांनी तो शब्द असा उच्चारला की जणू कुणी त्यांच्या गादीवर चपला घालून चढलं. आपल्याकडं गारगोटी म्हणजे मोलाच्या उलट टोकाची वस्तू. हिरा समजून गारगोटी गळ्यात पडली, असं आपण फसलेल्या माणसाबद्दल म्हणतो. वास्तविक क्वार्ट्‌झला इतकं चपखल देशी नाव दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असं मला वाटत नाही, पण शब्दाला एकदा शिवीची चव लागली की ती सुटत नाही.

मामा उठले, कपाटातून एक चौकोनी काळी डबी आणली. तिच्यात लालसर-हिरवट काच बसवलेली असते, चेल्सी फिल्टर म्हणतात. दिव्याखाली खडा धरून या काचेतून बघायचं. हिरवी काच असली तर हिरवीच दिसते, बरेचसे पाचू मात्र लालसर दिसतात. जयपूरच्या दलालानं मामांना ही विद्या शिकवली होती.

"घे, बघ. लाल दिसतो का नाही?"

दिसत होता. मळकट, विटकरी, पण लालच.

"लाल दिसतो, कारण त्यात क्रोमियम आहे," मुलगी म्हणाली. "पाचूला हिरवं करतं तेही क्रोमियम, कधी जोडीला व्हॅनेडियम. या अभ्रकातही क्रोमियमच आहे, म्हणून त्याला फुक्साइट म्हणतात. तुमची काच क्रोमियम ओळखते, पाचू ओळखत नाही."

"म्हणजे रंग एकाच घरचा! नातं निघालंच की, दाजी. मग पाचूची जात म्हणलं तर काय चुकलं?"

खरं सांगायचं तर क्षणभर मलाही वाटलं की डाव मामांनी मारला. एम.एस्सी.वाल्या पोरीनं स्वतःच्याच तोंडानं नातं कबूल केलं होतं. पण ती म्हणाली, "मामा, एका कुंकवाच्या करंड्यातलं कुंकू लावलं म्हणून दोन बायका बहिणी होत नाहीत. पाचू म्हणजे बेरील, त्यात बेरिलियम लागतं, अ‍ॅल्युमिनियम लागतं. आणि यात सिलिकॉन आणि ऑक्सिजन, संपलं. पाचूत क्रोमियम त्या स्फटिकाच्या घडणीत मुरलेलं असतं. इथं पाहुणा आत येऊन बसलाय."

"पाहुणा तीनशे कोटी वर्षं बसलाय म्हणतीस ना? मग तो घरचाच झाला."

हे तीनशे कोटी मागच्या खेपेला तिनंच त्यांना सांगितलं होतं. हिरवं अ‍ॅव्हेंच्युरीन जगभर भारतातून जातं आणि त्यातला मोठा वाटा जुन्या म्हैसूर भागातला, हासनच्या बाजूचा. तिथले फुक्साइटवाले खडक तीनशे कोटी वर्षांच्या घरातले, पृथ्वीवरच्या अतिजुन्या खडकांपैकी. परदेशात या दगडाला व्यापारी सर्रास 'इंडियन जेड' म्हणतात. जेडशी त्याचा काडीचा संबंध नाही. म्हणजे नाव उसनं घ्यायची खोड फक्त आळंदला नाही.

मामांना हे ऐकून बळ आलं. म्हणाले, "आणि तुझ्या त्या अ‍ॅव्हेंच्युरीनचं सांग की दाजींना. ते नाव तरी त्याचं स्वतःचं हाय का?"

तेही त्यांनी तिच्याकडूनच ऐकलेलं. इटलीत मुरानो बेटावरच्या काचकामगारांनी तांब्याच्या चमकीची काच केली. ती म्हणे अपघातानं साधली, म्हणून तिला 'योगायोगाची' या अर्थाचं नाव मिळालं. पुढं तसाच चमचमणारा दगड लोकांपुढं आला तेव्हा त्याला काचेचं नाव चिकटवलं. अस्सलाला नकलेचं नाव! अशी उलटी गंगा दुसरीकडं कुठं पाहायला मिळायची नाही.

"दगडाला काचेचं नाव चालतं," मामा म्हणाले, "आन् गारगोटीला पाचूचं नाव चालत नाही. तुझं शास्त्र तुलाच ठाऊक."

"काचेच्या नावानं दगड विकून कुणी जास्त पैसे मागत नाही, मामा. पाचूच्या नावानं मागतात."

"मी मागितले का? ऐकलीस ना किंमत? त्या पैशांत पाचूचं पाकीटसुद्धा मिळत नाही. आजीला काय कळत नाही? तिला सगळं ठावं हाय. चार एकर तूर विकून आलेली बाई, पाचूला काय पडतं ते तिला माहीत नसंल? तिला हिरवं पाहिजे, बुधाचं पाहिजे, आन् नातवाच्या हातात चार लोकांत दिसावं असं पाहिजे. गरिबानं हिरवं घालू नये का?"

हा मामांचा खरा मुद्दा होता, आणि तो नुसता दुकानदारीचा नव्हता. महागड्या खड्याला पर्याय म्हणून उपरत्न द्यायची रीत जुनी आहे. पुष्कराज परवडत नाही त्याला सुनेला देतात, नीलम पेलवत नाही त्याला कटेला. मामा म्हणतात ते इतकंच, की ग्रहाला दार उघडायला सोन्याची किल्ली लागते असं कुठं लिहिलेलं नाही.

मुलीनं यावर जे काढलं ते मला आजवर सुचलं नव्हतं. "मामा, सुनेला म्हणजे काय? पिवळी गारगोटी. कटेला म्हणजे जांभळी गारगोटी. तुमच्या देव्हाऱ्यातली स्फटिकाची माळ म्हणजे बिनरंगी गारगोटी. प्रत्येकीला बाजारात आपलं नाव आहे, मान आहे. हिरवीलाच ठरलेलं नाव नाही. मरगज म्हणतात, पण त्या पुडीत जेडही जातो, अ‍ॅव्हेंच्युरीनही जातं, रंगवलेला अकीकही जातो. नाव नाही म्हणून ती बिचारी पाचूच्या पदराआड उभी राहते."

मामा थोडा वेळ गप्प झाले. अंगठीची कडी त्यांनी दांडीवर चढवली, हलक्या हातानं ठोकत म्हणाले, "आता हिरव्याला नाव नाही त्याला मी काय करू?"

"चुड्याला आहे की. लग्नात हिरवा चुडा भरतात तो कशाचा? काचेचा. कासार त्याला पाचूचा चुडा म्हणून विकतो का? नाही. काच म्हणूनच विकतो, आणि तरी नवरीच्या हातात तोच लागतो. हिऱ्याच्या बांगड्या असल्या तरी आधी तो. हिरव्याला मान मिळायला पाचूचं नाव कशाला हवं?"

"अगं, चुड्याला विधी हाय. मांडव हाय, हळद हाय. काच विधीवर खपते. तुझ्या गारगोटीला कुठला विधी?"

मला वाटलं, आता मुलगी निरुत्तर झाली. मामांनी नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. वस्तूला मान असतो तो तिच्या घटकांमुळं नव्हे, तिच्याभोवती माणसांनी जे केलं त्यामुळं. पण तेवढ्यात दुकानात दर्ग्याच्या बाजूचे एक ओळखीचे चाचा डोकावले. त्यांची चांदीची अंगठी झाळायला टाकलेली होती. लाडले मशायख यांचा दर्गा ही आळंदची मोठी खूण. उरुसात तिथं अंगठ्यांच्या टोपल्याच्या टोपल्या लागतात. चाचांनी अंगठी बोटात सारली. वर लालसर तपकिरी अकीक. पैसे दिले, दुवा दिली, गेले.

मुलगी मामांकडं बघत राहिली. "हा कोणता दगड, मामा?"

"अकीक."

"त्याला कुणी माणिक म्हणालं?"

"अकीकला माणिक कशाला म्हणंल? पैगंबराच्या बोटात अकीक होता म्हणतात. त्याला अकीकच म्हणणार."

"हा अकीक म्हणजे कॅल्सिडनी. म्हणजे बारीक कणांची गारगोटी. त्याला विधी आहे, श्रद्धा आहे, आणि स्वतःचं नावही आहे. माणकापेक्षा कितीतरी स्वस्त, पण माणकाचं नाव न लावता चाचांच्या बोटात बसलाय. तुमच्याच पायरीवर, आत्ता."

मामांनी हातोडी खाली ठेवली. ते हरले असं मी म्हणणार नाही. सराफ हरत नाही, तो चहा सांगतो. त्यांनी चहा सांगितला.

चहा येईतो मुलीनं पिशवीतून रुमालात गुंडाळलेला एक धोंडा काढला. अमरजेच्या पात्रात सापडलेला. अमरजा आळंद तालुक्यातून वाहत जाऊन गाणगापूरला भीमेला मिळते. संगमावर स्नान करणाऱ्या हजारो मराठी माणसांच्या पायाखाली हे गोटे असतात आणि कुणी त्यांच्याकडं ढुंकून बघत नाही. धोंडा बाहेरून काळपट, खडबडीत, कांद्याएवढा. एका बाजूनं फुटलेला. फुटलेल्या तोंडाशी दुधी, पाणेरी कॅल्सिडनी, आणि तिच्यात शेवाळ पसरावं तसे गर्द हिरवे धागे. कडेला, जिथं हा गोटा मूळ खडकाला चिकटलेला असणार, तिथं निळसर हिरव्या मातीचा पातळ थर. नखानं खरवडला तर भुकटी निघाली.

आळंदचा हा पट्टा दख्खनच्या काळ्या पाषाणाचा. जरा आग्नेयेला शहाबाद-सेडमकडं गेलात की चुनखडी लागते, आपली शहाबादी फरशी तिथली. पण आळंदात विहीर खणली तर आधी काळी माती, मग मुरूम, मग कधी काळा पाषाण आणि कधी मांजऱ्या. मांजऱ्या म्हणजे बुडबुड्यांनी भरलेला नरम खडक, विहीर खणणाऱ्यांचा शब्द. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूचे फुगे अडकले. मग खडकातून झिरपणाऱ्या पाण्यानं त्या पोकळ्या हळूहळू भरल्या. सिलिका बसली तिथं गारगोटी झाली, अकीक झाला, दुसरं काही बसलं तिथं झिओलाइट झालं. पोकळीच्या भिंतीला आधी बहुधा त्या हिरव्या मातीचा, सेलॅडोनाइटचा लेप बसतो आणि तोच पुढं गारगोटीत उतरून तिला शेवाळी रंग देतो. त्यात लोहाचे लाल ठिपके पडले तर रक्तखडा, ज्याला हिंदीवाले पितौनिया म्हणतात.

"ही हिरवी माती अजिंठ्याच्या भिंतींवर आहे, बाबा," मुलगी म्हणाली. "चित्रातला हिरवा याच जातीच्या मातीचा. अशाच खडकातून काढलेला." मी त्या भुकटीकडं बघत बसलो. माझ्या नखात अजिंठ्याचा रंग होता आणि मी तो अंगठ्यानं पुसून टाकला होता.

मामांनी धोंडा हातात घेतला, तोलला, भिंगातून बघितला, ओठाला लावला. दगड ओठाला गार लागतो, काच लवकर कोमट होते. ही त्यांच्या वडिलांची परीक्षा. मग म्हणाले, "घडवला तर झकास खडा निघंल. खंबायतला पाठवू?"

"नाही."

"का नाही? आत्ता इतकं गारगोटीचं गुणगान गायलीस. मग तिला बोटात येऊ दे की. धोंड्याला धोंडा ठेवून कुणाचं भलं? हात लागल्याशिवाय दगडाला नाव नाही, बाई. तुझ्या कपाटात पडून तो नदीत होता त्याहून वेगळा काय झाला?"

इथं मात्र मी मामांच्या बाजूचा. नाशिकजवळ सिन्नरला 'गारगोटी' नावाचं खनिजांचं संग्रहालय आहे, तिथं काचेआड ठेवलेल्या दख्खनच्या गारगोट्या आणि झिओलाइट बघायला लांबून माणसं येतात, हे मान्य. पण या दगडाचा आपल्याकडचा इतिहास काचेआडचा नाही, हातातला आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या नोंदवहीत, 'पेरिप्लस'मध्ये, पैठणहून पट्टेरी अकीक गाड्यांवर लादून भडोचला येतो असं लिहिलं आहे. त्याच नोंदीत शेजारीच तगर येतं. तगर म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तेरच्या संग्रहालयात त्या काळातले मणी आजही आहेत, कडक दगडाला घासून, भोक पाडून केलेले. गारगोटीचा कठीणपणा सात, पोलाद त्यापुढं नमतं. हाती यंत्र नसताना त्यात आरपार भोक पाडायचं म्हणजे काय काम असेल! त्या कारागिराला गारगोटी ही शिवी वाटली नसणार.

हे मी बोललो, तशी मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, भोक पाडणाऱ्याचं काय होतं ते माहीत आहे? खंबायतला घरोघरी अकीक घासतात. बारीक सिलिका हवेत उडते, फुप्फुसात जाते. सिलिकोसिस. तिथल्या घासणाऱ्यांमध्ये हा आजार किती आहे यावर डॉक्टरांनी वर्षानुवर्षं लिहिलंय. औषध नाही. पाणी सोडून घासलं, धूळ ओढून घेणारा पंखा लावला तर टळतो, पण त्याला खर्च येतो. आणि खड्याची किंमत इतकी कमी की तो खर्च कुणी करत नाही. गारगोटीला गारगोटीच्या भावानं विकता ना, त्याचं हे दुसरं टोक."

मामा काही बोलले नाहीत. मीही नाही. चहा आला होता तो गार होत होता. स्वस्त खडा गरिबाच्या बोटात शोभतो, हे मामांचं म्हणणं खरं. तो दुसऱ्या कुणा गरिबानं घासलेला असतो, हे मुलीचं म्हणणंही खरं. दोन्ही खरी वाक्यं एकाच डबीत होती आणि एकमेकांना घासत होती.

मामांनीच विषय हलवला. गल्ल्यातून कागदाची एक पुडी काढून उलगडली. आत पारदर्शक, पैलू पाडलेला, अगदी फिकट हिरवा खडा. पुदिन्याचं पाणी गाळून ठेवावं तसा. "हा बघ. दलाल ग्रीन अ‍ॅमेथिस्ट म्हणून देऊन गेला. म्हणजे हिरवा कटेला. आता हे तरी खरं नाव हाय का?"

"नाही. कटेला म्हणजेच जांभळा. हिरवा कटेला म्हणजे पांढरा कोळसा. हा प्रासिओलाइट. ब्राझीलमध्ये मोंटेझुमा नावाच्या जागेचा जांभळा कटेला चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापवला की असा हिरवा होतो. बाकी बहुतेक ठिकाणचा कटेला तापवला तर पिवळा होतो, सुनेला म्हणून जातो. तापवून हिरवा होतो हे 1950 च्या दशकात लोकांच्या ध्यानात आलं. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं 2018 मध्ये 'ग्रीन अ‍ॅमेथिस्ट' हे नाव दिशाभूल करणारं ठरवलं."

"भाजला म्हणून खोटा?"

"भाजल्यानं खोटा नाही होत. शेंगा भाजल्या तरी शेंगाच राहतात. पण भाजलेल्या आहेत म्हणून सांगायचं."

"सांगितलं तर गिऱ्हाईक अर्ध्या किमतीला मागतं."

"मग अर्धी किंमतच खरी असेल."

मामा मोठ्यानं हसले. "हिला पेढीवर बसवली तर महिन्याभरात कुलूप लागंल, दाजी."

पुडीत आणखी एक होता, सफरचंदाच्या सालीसारखा हिरवा, दाट, मेणचट चमकेचा. क्रिसोप्रेज. त्याचा रंग निकेलचा, ऑस्ट्रेलियातला माल असावा. तो पडून होता, कारण दलालाला त्याचं नाव धड उच्चारता आलं नव्हतं आणि मामांना लक्षात राहिलं नव्हतं. नाव सांगता येईना म्हणून विकला जाईना. एका अर्थी सगळ्या पेढीत तोच एक हिरवा खडा प्रामाणिक उरला होता.

एवढ्यात वीज गेली. आळंदात ही काही बातमी नव्हे. पण मामांना एकदम लहानपण आठवलं. आतल्या खोलीत पूर्ण काळोख होता. त्यांनी मुलीच्या पिशवीतल्या दोन पांढऱ्या गारगोट्या मागून घेतल्या आणि जोरात एकमेकींवर घासल्या. दगडांच्या आत, खोलवर, नारिंगी-पिवळा उजेड पेटला आणि विझला. ठिणगी नव्हे, दगडच आतून उजळला. पाठोपाठ जळका वास. आळंदच्या, सोलापूरच्या, लातूरच्या कुठल्या पोरानं हा खेळ केला नाही? मुलगी त्यामागचं कारण सांगू लागली, घासताना स्फटिक फुटतो, फुटलेल्या कडांवर विजेचा भार साठतो. मामांनी पुन्हा घासलं. "जरा गप बस की, बघू दे."

वीज आली तेव्हा आजी पायरीवर उभ्या होत्या. नातवाच्या बोटात अंगठी घट्ट बसली. मामांनी पावतीपुस्तक ओढलं. चांदीचं वजन लिहिलं. मग पेन थांबलं. आमच्याकडं न बघता त्यांनी आजींना कानडीत सांगितलं की हे खरं पच्चे नव्हे, हा हिरवा दगड आहे, आपल्या कर्नाटकातलाच, हासनकडचा, हलका आहे पण चांगला आहे.

आजींनी विचारलं, बुधाला चालतो का? मामा म्हणाले, तुमचे ज्योतिषी हिरवा म्हणाले असतील तर चालेल, पाचूच म्हणाले असतील तर त्यांना विचारा. आजी जरा विचारात पडल्या, मग म्हणाल्या, ते हिरवाच म्हणाले. आणि पैसे मोजले. पोरानं अंगठी उजेडात धरून कलती केली, आतले कपटे चमकले, तो खूश झाला.

पावतीवर मामांनी लिहिलं, 'हिरवा खडा, अ‍ॅव्हेंच्युरीन, 1 नग'. गारगोटी लिहिलं नाहीच. मुलीनं ते वाचलं, ओठ मुडपले. म्हणजे अर्धं पटलं. मामा म्हणाले, "तेवढं माझ्याच्यानं होत नाही बाई. त्या शब्दानं माझा बापसुद्धा मला वरून हाक मारंल." धोंडा तिनं परत रुमालात बांधला. घडवायला दिला नाही. त्यावरून जेवताना पुन्हा वाद झाला, तो इथं लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र दोघांनाही मान्य आहे, आणि ती वाचणाऱ्यांच्या कामाची आहे. 1 एप्रिल 2023 पासून सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक सक्तीचा झाला. हॉलमार्क सोन्याचा कस सांगतो, खड्याबद्दल एक अक्षर सांगत नाही. म्हणून खड्याचा दागिना घेताना पावतीवर तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहून मागा. सोन्याचं किंवा चांदीचं निव्वळ वजन, खड्याचं वजन, आणि खड्याचं नाव. खड्याच्या वजनाला सोन्याचा भाव देऊ नका. आणि नावाच्या जागी नुसतं 'हिरवा खडा' लिहिलेलं दिसलं, तर पेन खाली ठेवायच्या आत विचारा, कुठला?